लांबून नाही शिकवणार

वच्छीचा बाप भर वर्गात शिरला. पोरगी पाच-सहा वर्षांची. मी तिच्या मुठीवर मूठ ठेवून पाटीवर 'अ' गिरवून घेत होतो. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं, बाहेरच्या नळावर नेलं आणि तिचा उजवा हात खसाखसा धुतला. सगळी पोरं बघत होती.

"बाबा, कावून धुवून राहिले? साफ हाये ना माहा हात," वच्छी रडत म्हणाली.

तो धूतच राहिला. मला मात्र सगळं कळलं. आम्ही दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. तो गावातला, मी गावाबाहेरच्या महारवाड्यातला. भिलाईत मात्र एकाच गँगमध्ये लोखंड चढवत होतो.

कारखाना उभा राहत होता. आमच्या ठेकेदार कंपनीला एकाएकी समाजसेवेचं वेड लागलं. शिकलेल्या कामगारांनी रविवारी कॅम्पातल्या पोरांना शिकवावं, असं साहेबांनी सांगितलं. मी मॅट्रिक. सगळ्यांच्या आधी मी तयार झालो. शाळेत मास्तर इतरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेत, माझी पाटी लांबूनच बघत. माझा 'अ' कितीतरी दिवस आडवाच पडायचा. म्हणून ठरवलं होतं, एकेका पोराचा हात धरायचा. किती आनंद झाला होता मला!

नळावरच्या प्रकारानंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. नागपूरचे, बोलायला गोड. "फळ्यावर लिहून दाखवत जा. हात धरायची काय गरज? चांगलं काम आहे, तुमच्यामुळे बंद पडायला नको."

माझ्यामुळे! झोपडीत जाऊन ढसाढसा रडलो. मॅट्रिक झालेला, कमावता माणूस.

सोमवारी आम्ही वर, लोखंडी सांगाड्यावर. एका तुळईवरून दुसरीवर जायचं होतं. मी आधी पोचलो. मागून वच्छीच्या बापानं हात पुढे केला, रोजच्यासारखा.

"धर ना बे."

धरला. घट्ट धरून ओढून घेतलं त्याला. त्याच्या तळव्याला घाम सुटला होता.

"आता हा हात धुशीन का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "वरची गोष्ट अलग हाये. खाली लोकं पायतेत."

म्हणजे जीव वाचवायला माझा हात चालतो. माझा संताप मावेना. काम सुटल्यावर तसाच साहेबांकडे गेलो. म्हणालो, "हात धरूनच शिकवीन. नाहीतर तुमचा वर्ग तुम्ही चालवा."

"मग तुम्ही येऊ नका," साहेब म्हणाले. तितक्याच गोड आवाजात.

पुढच्या रविवारी मी माझ्या झोपडीसमोर बसलो. आमच्याच लोकांची चार पोरं आली. वच्छी आली नाही, पुढेही कधी आली नाही. तिचा 'अ' अर्धाच राहिला. तिची आठवण आली की अजून जीव तुटतो. तरी ती अट मी मानली नाही. एकही पोर आलं नाही तरी चालेल. लांब उभा राहून मी कुणालाही शिकवणार नाही.