पाणी मागून येतं

समस्त आप्तेष्ट, हितशत्रू आणि माझी पुस्तकं नेऊन परत न करणारे सद्गृहस्थ यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, काशीत मोक्ष मिळतो ही गोष्ट कितीही खरी असली, तरी तो घाटाखाली उतरून आगाऊ मागू नये. आमच्या घरात हा प्रयोग एकदा झाला. तेव्हा मी वर स्वयंपाकघरात बसून हसत होते, हेही निवेदनात जोडून घ्यावं.

आमचं घर मंगला गौरीच्या गल्लीत. मागच्या अंगणातून अरुंद दगडी पायऱ्या थेट घाटाच्या पोटात उतरतात. तिथे एकापुढे एक तीन गुहा आहेत. मधली खोलगट, आणि तिच्या कोपऱ्यात एका जुन्या नाल्याचं तोंड. तिसरीत शंकराची पिंडी आणि नदीकडे जाळीची खिडकी. दोघं हौशी प्रवासी आत बुडून मेले, तेव्हापासून सरकारने नदीकडची वाट लोखंडाने बंद केली आणि आमच्या अंगणातल्या दारालाही कागदी सील ठोकलं. आमचे काका वेदशाळेत शिकवत; अत्यंत पापभीरू. ते दर श्रावणी सोमवारी सील पाण्याने भिजवून अलगद सोडवत आणि वर आल्यावर पुन्हा चिकटवत. खळ काकू करून देत असे, कणकेची.

खाली ते रुद्राची अकरा आवर्तनं करत, तीही मनातल्या मनात, कारण सोमवार सोडेपर्यंत त्यांचं मौन असे. एक आवर्तन संपलं की घंटेचा एक टोल. काकू वर स्वयंपाकघरात टोल मोजे आणि नवव्याला तांदूळ वैरी. ते वर येऊन पानावर बसेपर्यंत भात वाफाळता असे. चाळीस वर्षांचा संसार या घड्याळावर चालला होता.

त्या सोमवारी गंगा चढत होती, पण खिडकीपासून अजून दोन पायऱ्या खाली होती. काका डोळ्यांनी खात्री करून गेले. सात टोल नीट पडले. मग घंटा जी सुटली ती थांबेचना.

"अगं, आता मोजू कशी?" काकू परात पुढ्यात घेऊन वैतागली.

"काकांनी महादेवाला गजर लावलाय," मी म्हणाले. "सात हाकांत उठला नाही, तर माणूस दुसरं काय करणार?"

काकू हसली. मीही हसले, माझ्याच विनोदावर, जरा जास्तच. पाच मिनिटं असेल, दहा असतील, घंटा वाजत राहिली आणि मग एकदम थांबली.

"झालं वाटतं," काकू म्हणाली आणि तिने तांदूळ वैरले.

दारावर थापा पडल्या. आमच्या घाटावरचा नावाडी होता, हातात वल्हं, श्वास लागलेला.

"दीदी, गुरुजी कहाँ हउवन?"

"पूजा झाली त्यांची. येतीलच वर."

"पूजा? अरे, घंटी बंद काहे हो गइल? पानी आगे से नाहीं, पीछे से चढ़त हौ! नाला उलट गइल हौ!"

पुरात नाला उलटा वाहतो आणि पाणी मागून येतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काका खिडकीतून गंगेवर नजर ठेवून बसले होते आणि गंगा नाल्यातून येऊन त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती.

टॉर्च उचलून मी नावाड्याबरोबर खाली धावले. पहिल्या गुहेत घोट्याएवढं पाणी होतं. भिंतींवर गेल्या वर्षीचा गाळ, त्यावर हात टेकला की हात सरकायचा. वास असा, की तोंड उघडलं तर तो खावा लागेल. मधल्या गुहेच्या ठेंगण्या दारातून वाकून टॉर्च मारला. काका छातीभर पाण्यात उभे होते. एका हाताने घंटा डोक्यावर धरलेली. पण तिला हेलकावा देण्याचं बळ त्या हातात उरलं नव्हतं.

"काका, चला!"

ते हलले नाहीत.

"पाय अडकलाय का? कुठे? बोला ना!"

ओठ घट्ट मिटलेले. पाणी डोळ्यांदेखत खांद्याकडे निघालेलं. मला इतका संताप आला, की त्या क्षणी त्यांना थोबाडीत मारायला मी कमी केलं नसतं. मग त्यांचा मोकळा हात पाण्यावर आला. वेदशाळेत ते स्वर हाताने दाखवत. मंत्र म्हणताना हात वर, खाली, बाजूला. मुलींना तिथे बसू देत नसत, म्हणून मी खिडकीच्या गजांतून पाहिलेलं. हात सावकाश खाली गेला, अगदी खाली. मग डावीकडे. माणूस बुडत होता आणि तरी मनगट सुरेख वळलं.

"डावा पाय, नाल्याच्या तोंडाशी," मी नावाड्याला म्हणाले.

त्याने बुडी मारली. काका वर यायला निघाले, तेव्हा लोंढ्याने नाल्याच्या तोंडावरचा दगड कलंडून पायावर बसला होता. वल्हं खाली घालून त्याने जोर दिला, मी काकांच्या काखेत हात घालून ओढलं. दुसऱ्या खेपेला वल्हं मोडलं. तिसऱ्याला, उरलेल्या तुकड्याने, दगड हलला. पाणी तेव्हा काकांच्या हनुवटीला लागलं होतं. पाय सुटताना जो आवाज झाला, तो मी मैफलीत कधी सांगत नाही. तो पाय पुढे गुडघ्याखाली कापावा लागला, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको.

आम्ही त्यांना पायऱ्यांवरून अर्धं उचलत, अर्धं ओढत वर आणलं. अंगणात टेकवलं तेव्हा ओठ निळे झाले होते आणि अजून मिटलेलेच होते. घंटा मुठीत होती. मी बोटं एकेक करून सोडवली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात पळी. तिने आधी पाय पाहिला, मग माझ्या हातातली घंटा पाहिली. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. ज्या गल्लीत चाळीस वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती त्यांच्यावर ओरडली, "अहो, हाक मारायचीत ना मला! मी मेली घंटा थांबली म्हणून भात टाकला!"