भरावाखालचा खड्डा

घनसावंगीच्या बाजूला, गोदावरीला मिळणाऱ्या एका ओढ्याला सकाळी अचानक पूर आला आणि दुपारपर्यंत ओसरलाही. तेवढ्या वेळात पुलालगतचा रस्ता वाहून जाऊन मोठा खड्डा पडला आणि काठावरची ग्रामपंचायतीची छोटी बाग उखडली. सिमेंटची बाकडी, पेव्हर ब्लॉकची पायवाट, दोन झोपाळे. संध्याकाळी गावातल्या बाया तिथं बसायच्या. मी तेव्हा जालन्याच्या एका दैनिकासाठी हा तालुका पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी बांधकाम खात्याचे एक अभियंते पंचनाम्याला आले. मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे होतो. खड्डा कुठेच नव्हता. गावानं आदल्या दिवशीच ट्रॅक्टर लावून तो बुजवला होता, वरून मुरूम टाकून सारखाही केला होता. भरावाला लागलेला माल बागेतला होता: मोडकी बाकडी, उखडलेले ब्लॉक, वाकलेले झोपाळे. त्यामुळे काठही साफ झाला होता. तिथं बाग होती, हे सांगावं लागत होतं.

अभियंते म्हणाले, रस्ता चालू आहे, बाग दिसत नाही. मग पंचनाम्यात मी लिहू काय? सरपंचबाईंनी मोबाइलमधले फोटो दाखवले. फोटोवरून लांबी-खोली मोजता येत नाही, असं उत्तर मिळालं. माझ्या छापून आलेल्या फोटोचीही तीच गत झाली.

सरपंचबाईंना नोंद हवीच होती. कच्च्या भरावावरून एसटी घालायला आगार तयार नव्हतं, आणि पंचनाम्याशिवाय पक्कं काम मंजूर होणार नव्हतं. कॉलेजच्या मुली त्याच बसनं जायच्या. आता त्यांना घरीच ठेवू, असं बोलणं दोन घरांत सुरू झालं होतं. त्यातलं एक घर सरपंचबाईंचं होतं. त्यांच्या धाकटीचं हे शेवटचं वर्ष होतं.

त्यांनी वाद घातला नाही.

"दिसंल तेच लिव्हता ना, साहेब? मंग बसा जरा."

आणि भराव उपसायला सांगितला. काल पाठ मोडेपर्यंत भरला तो आज काढायचा, म्हणून ट्रॅक्टरवाला कुरकुरला, पण फावडं त्यानंच आधी उचललं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अभियंत्यांच्या हातात कप दिला.

"च्या घ्या. तवर तुमचा खड्डा काढून देतो."

अभियंते हसले नाहीत, पण थांबले.

मुरूम निघाला, मग ब्लॉक, मग बाकड्यांचे तुकडे. एका तुकड्यावर ग्रामपंचायतीचं अर्धं नाव होतं. अभियंत्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि बागेसाठी वेगळा कागद काढला. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला कोणी मोकळं नव्हतं. बातमीदारानं बातमीत हात घालू नये, असं मला शिकवलेलं. मी टेप धरून खाली उतरलो. खड्ड्याची कड माझ्या छातीपर्यंत आली.

सरपंचबाईंनी दोन्ही पंचनामे वाचून घेतले, 'किरकोळ' हा शब्द खोडायला लावला, मगच सही केली. खड्डा दिवस मावळायच्या आत पुन्हा भरला. नावाचा तुकडा मात्र त्यांनी आत टाकू दिला नाही.

"साहेब परत आले तर लागंल."

साहेब परत आले नाहीत. पक्कं काम उन्हाळा लागताना, परीक्षांच्या आधी झालं. बस सुरू झाली त्या दिवशी मी बातमीसाठी तिच्यात चढलो. त्यांची धाकटी खिडकीशी बसली होती. मला घनसावंगीपर्यंत उभंच राहावं लागलं.