थोरल्यांचं बोट

दफ्तरात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. त्यांना काही आडनावही आहे, हे हजेरीपटाखेरीज कोणाच्या लक्षात नव्हतं. एका राजकीय पक्षाच्या मुखपत्रात त्या एकोणतीस वर्षं लघुलेखनिक होत्या. पक्ष आणि दैनिक दोन्ही एकाच माणसाने काढलेली. त्यांना दफ्तरात ‘थोरले’ म्हणत आणि त्यांच्या मुलाला ओघानेच ‘धाकटे’. धाकट्यांचं वय बावन्न होतं, पण त्याला कोणाचा इलाज नव्हता.

पहिल्या पानाच्या डाव्या रकान्यात थोरल्यांचं सदर रोज येई. ते स्वतःच्या हाताने कधी लिहीत नसत. लिहिणारा माणूस स्वतःशी बोलतो आणि मला लोकांशी बोलायचंय, असं त्यांचं म्हणणं. अक्षर भयंकर होतं, हेही एक कारण असावं. सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ते खिडकीपाशी उंच पाठीच्या खुर्चीत बसत आणि डोळे मिटून बोलत. बाई समोरच्या स्टुलावर बसून पेन्सिलीने लघुलिपीत टिपून घेत. थोरल्यांचं बोलून संपलं, की बाई सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवत आणि प्रत्येक परिच्छेदाशेवटी थांबत. थोरल्यांची तर्जनी वर झाली की परिच्छेद पास. तळहात खुर्चीवर आपटला की रद्द. बोट वर झाल्याशिवाय एक ओळही छपाईला जायची नाही. एकदा वाचन चालू असताना थोरल्यांना डुलकी लागली, तर बाई चाळीस मिनिटं त्याच परिच्छेदाशी बसून राहिल्या. दारात संपादक घड्याळ बघत उभे होते. त्यांनीही थोरल्यांना उठवलं नाही.

हे संपादक म्हणजे एक वाकलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ. शेवटच्या पानावर तळाशी अगदी बारीक अक्षरांत त्यांचं नाव सव्वीस वर्षं छापून येत होतं. ती ओळ वाचक वाचत नाहीत, फक्त वकील वाचतात. त्या ओळीपायी ते अकरा वेळा कोर्टात उभे राहिले आणि अकराही वेळा थोरल्यांच्या वाक्यांसाठी. बाराव्यांदा उभं राहायची पाळी आली नाही, कारण थोरल्यांना पक्षाघात झाला.

वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं की समजतं सगळं, बोलता मात्र येणार नाही. चार महिन्यांवर निवडणूक होती. सदर बंद पडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर पक्षाने मतं मागायची कोणाच्या नावाने? तेव्हा पहिल्या दिवशी थोरल्यांना नेहमीच्या खुर्चीत आणून बसवलं. बाई वही उघडून बसल्या. सव्वा तासात थोरल्यांच्या तोंडून अर्धा शब्द आला. संपादक दारात उभे होते. त्यांनी काहीच सांगितलं नाही, पण गेलेही नाहीत. शेवटी बाईंनी पेन्सिल टेकवली आणि एकोणतीस वर्षं कानावर पडलेला आवाज आठवून स्वतःच लिहायला लागल्या. मग नेहमीसारखं वाचून दाखवलं. परिच्छेद संपला, बाई थांबल्या, आणि उजव्या हाताचं बोट हळूच वर झालं. संपादकांनी बोटाकडे पाहिलं, बाईंनी टंकून दिलेला कागद घेतला, जिना उतरले. पुढच्या दोन वर्षांत त्या दोघांमध्ये या विषयावर एक अक्षरही निघालं नाही.

बाबा सकाळी बाईंपाशी थोडं थोडं बोलतात, असं धाकट्यांना सांगण्यात आलं. ते रविवारी संध्याकाळी येत, तेव्हा बाबा थकलेले असत. त्यांना ते पटलं. न पटण्यात कोणाचीच सोय नव्हती.

दोन वर्षांत सहाशे अकरा सदरं झाली. वाचकांची पत्रं यायला लागली, की वयानुसार थोरले निवळलेत, हल्ली शिव्या कमी आणि विचार जास्त असतो. एका प्राध्यापकांनी तर थोरल्यांच्या उत्तरकालीन शैलीवर लेख लिहिला. तो टंकलिखित करायला बाईंकडेच आला. बाईंनी तो निमूटपणे करून दिला.

एक गोष्ट मात्र संपादकांनाही ठाऊक नव्हती. एका सकाळी त्यांनी वाचायला सुरुवात करण्याआधीच बोट वर झालं होतं.

सत्तेतले एक मंत्री एक्याऐंशीव्या वर्षीही पद सोडायला तयार नव्हते, त्या आठवड्यात बाईंनी लिहिलं: ‘खुर्ची ज्याला सोडवत नाही, तो माणूस खुर्चीवर बसलेला नसतो, खुर्ची त्याच्यावर बसलेली असते.’ ही ओळ वाचून त्या थांबल्या, तेव्हा बोट वर यायला बराच वेळ लागला. पण आलं. त्या दिवशी बाई घरी जाताना जरा ऐटीत चालल्या. धाकटी बहीण आज गुणगुणत आली म्हणून घरी थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

थोरले गेले ते एका दुपारी, खुर्चीतच. अंत्ययात्रेचा फोटो पहिल्या पानावर सहा रकान्यांत आला. त्याखालचा मजकूर बाईंनीच लिहिला. तेवढा मात्र कोणाला वाचून दाखवता आला नाही.

तेराव्या दिवसापर्यंत सगळे रडत होते. चौदाव्या दिवसापासून कोण किती रडलं याचा हिशेब सुरू झाला. पक्षाचं अध्यक्षपद धाकट्यांना हवं होतं आणि जुन्या मंडळींना ते द्यायचं नव्हतं. संपादकांना यातलं काहीच नको होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना दुसऱ्या बाजूचं ठरवलं. दफ्तरात सगळ्यांनी दंडाला काळ्या फिती लावल्या होत्या. ज्याने ती आधी काढली तो धाकट्यांचा, आणि जो अजून लावतोय तो जुन्यांचा, असं मोजलं जाऊ लागलं. एका उपसंपादकाची फीत आपोआप सुटून पडली, तर दोन्ही गटांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग धाकट्यांची पहिली सभा झाली. थोरल्यांचा एक जुना नियम होता: घरच्या माणसाचा फोटो पहिल्या पानावर घ्यायचा नाही, आणि गर्दी व्यासपीठावरून नव्हे, मागून मोजायची. संपादकांनी बातमीदाराला मागे उभं केलं. मागच्या अकरा रांगा रिकाम्या होत्या. बातमी तिसऱ्या पानावर दोन रकाने आली, रांगांसकट. दुसऱ्या दिवसापासून सुट्टीचे अर्ज संपादकांकडे यायचे बंद झाले. लोक ते परस्पर धाकट्यांच्या सचिवाकडे नेऊ लागले. संपादक म्हणाले, बरं झालं, तेवढ्याच सह्या वाचल्या.

सोमवारी अकरा वाजता सगळ्यांना खाली प्रवेशद्वारापाशी बोलावलं. भिंतीवर कापड टाकलेलं होतं. धाकट्यांनी ते ओढलं. संगमरवरी पाटीवर वीतभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत खुर्चीचं ते वाक्य होतं आणि खाली थोरल्यांचं नाव. धाकट्यांनी वाक्य दोनदा वाचलं. बाबांनी जाता जाता आपल्याला दिलेली ही आज्ञा आहे, असं म्हणाले. संपादकांना एकाहत्तर पूर्ण झाली आहेत, महिनाअखेर त्यांनी विश्रांती घ्यावी, हेही त्याच दमात म्हणाले. संपादकांच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून सगळे पाटीकडे बघत होते. बाईही पाटीकडेच बघत होत्या. त्यांचं कारण निराळं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी पहिल्यांदाच ताईला सगळं सांगितलं. ताई कपडे घडी करत होती. ती बराच वेळ एकाच टॉवेलची घडी करत राहिली.

“म्हणजे दोन वर्षं मी जे वाचून त्या म्हाताऱ्याला हात जोडत होते, ते तू होतीस?”

बाईंनी मान हलवली.

“मग जा आणि सांग ना त्याच्या लेकाला. तोंड काय तुला फक्त दुसऱ्याचं वाचून दाखवायला दिलंय?”

सांगितलं तर दोन वर्षांचे थोरले खोटे पडणार होते. समोरच्या पक्षाचं दैनिक तर नाचलंच असतं. नाही सांगितलं तर एक सज्जन माणूस बाईंनी लिहिलेल्या वाक्याने घरी जाणार होता. बाईंना रात्रभर तर्जनी दिसत राहिली, असं त्या सकाळी ताईला म्हणाल्या. वर होती की खाली, ते सांगितलं नाही.

सकाळी त्या धाकट्यांच्या खोलीत गेल्या. त्यांनी बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या, आणि लघुलेखनिकाच्या सवयीने एकही शब्द वाया न घालवता सांगून टाकलं: आजारपणातली सगळी सदरं माझी आहेत, पाटीवरचं वाक्य माझं आहे, आणि ते त्या मंत्र्यावर होतं.

धाकट्यांनी शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत. राग आला असता तर निदान त्यांना पटलंय असं तरी वाटलं असतं.

“बाई, संपादकांसाठी तुम्ही एवढं करायला निघालात, याचं मला कौतुक वाटतं,” ते म्हणाले. “पण बाबांचं वाक्य मला ओळखू येतं. मी मुलगा आहे त्यांचा.”

“वह्या आहेत. त्यात खाडाखोड आहे. सांगितलेल्या मजकुरात कोणी अशी खाडाखोड करत नाही.”

“त्या वह्या कोणाला वाचता येतात?”

“मला.”

“अजून कोणाला?”

दफ्तरात लघुलिपी येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

धाकटे उठून त्यांच्याजवळ आले आणि अगदी मायेने म्हणाले, की बाबांना जाऊन असे कितीसे दिवस झालेत, तुमच्या मनावर ताण आलाय. वर्षश्राद्धाच्या आधी सदरांचं पुस्तक काढायचंय. शेवटच्या वहीत न छापलेलं काही राहिलं असेल तर तेवढं उतरवून द्या. आणि हो, त्या वह्या घरी नेऊ नका. तो आता पक्षाचा ठेवा आहे, काचेच्या कपाटात राहील.

शेवटच्या वहीत बावीस कोरी पानं होती, बाकी काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसून वही चाळताना बाईंच्या लक्षात आलं, की खरं सांगितलेलं ज्यांना पटलं नाही, त्यांना त्या वहीतून काहीही पटवता येईल. वाचणाऱ्या एकट्या त्याच.

त्यांनी लिहिलं. तासाभरात तीन परिच्छेद झाले. दैनिक चालवणारा माणूस कसा असतो, मालकाच्या मुलाचीही गर्दी मागून मोजणारा, मी गेल्यावर त्याला हलवू नका, असं थोरले बोलत होते. बोलणं हुबेहूब त्यांचं होतं. मध्ये एक शिवीसुद्धा होती. बाईंना इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. नेऊन दिलं असतं तर धाकट्यांना पाटी झाकावी लागली असती.

पण काम अजून पुरं झालं नव्हतं. बाईंनी स्टूल सरकवलं आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद संपला. त्या थांबल्या.

खुर्चीच्या उजव्या हातावरचं पॉलिश एका ठिकाणी बोटाएवढं उडालेलं होतं. खिडकीतून ऊन तिथपर्यंत आलं, तिथून पुढे सरकलं. दोन वर्षं ज्या बोटावर त्यांचा स्वतःचा पुरता विश्वास नव्हता, त्याच्याशिवाय त्यांना दुसरा परिच्छेद सुरू करता येईना. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मग बाईंनी ती तीन पानं वहीतून हळूच काढली, बारीक फाडली आणि वही कपाटात ठेवायला पाठवून दिली. वहीत काही राहिलेलं नाही, असा निरोप दिला.

महिनाअखेर संपादक दुपारीच निघाले. बरोबर एक शब्दकोश, एक भिंग आणि पाठीला लावायची उशी, एवढंच. निरोपसमारंभ नव्हता, कारण कोणी बोलायचं हे दोन्ही गटांत ठरलं नाही. जिन्यात जे भेटले ते जणू संपादक जेवायला घरी निघालेत अशा सहजपणे “निघालात?” म्हणाले. बाई त्यांच्यासोबत खाली प्रवेशद्वारापर्यंत आल्या. शब्दकोश बाईंनी उचलला होता.

पाटीखाली संपादक थांबले. भिंग खिशातून काढण्याची गरज नव्हती, अक्षरं वीतभर होती. तरी त्यांनी सवयीने डोळे बारीक करून सगळं वाक्य वाचलं.

“मी त्यांना जाऊन सांगितलं,” बाई म्हणाल्या. “त्यांना खरं वाटलं नाही.”

“कसं वाटेल?” संपादक म्हणाले. “अकरा वेळा शपथेवर सांगितलं मी, की थोरल्यांचा हेतू वाईट नव्हता. कोर्टालाही वाटलं नाही.”

दोघंही थोडं हसले. मग त्यांनी बाईंच्या हातातून शब्दकोश घेतला.

“वाक्य चांगलं आहे हो,” ते म्हणाले. “त्याच दिवशी सांगायचं होतं तुम्हाला. राहून गेलं.”

आणि ते रस्त्याला लागले. उशी काखेत नीट बसत नव्हती, म्हणून कोपऱ्यापर्यंत दोनदा थांबले. बाईंच्या लिखाणाला, ते बाईंचं म्हणून, आयुष्यात कोणी चांगलं म्हटलं ते हे एकदाच.

बाईंनी नोकरी सोडली नाही. ताईने बोलून बोलून कान किटवले, पण कपाट दफ्तरात होतं आणि कपाटात वह्या होत्या. धाकट्यांनी आता स्वतःचं सदर सुरू केलंय, डाव्याच रकान्यात, फोटोसकट. उंच पाठीची खुर्ची त्यांना टोचते, म्हणून नवी आणली आहे, फिरणारी. सकाळी साडेनऊला जमत नाही, अकराला बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, बाईंनी टिपून घेतलं आणि पहिल्यापासून वाचून दाखवायला लागल्या. परिच्छेद संपला. बाई थांबल्या.

धाकटे फोनमध्ये बघत होते. जरा वेळाने त्यांनी मान वर केली.

“थांबलात का? काही चुकलंय?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि पुढचा परिच्छेद वाचू लागल्या.