सहायक अभिनयाची कुंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला — मिलिंदला — तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही आमच्यातले नाही म्हणून. किंवा आता मी रिटायर झाले आहे, सकाळी पेशंट वाट बघत नसतात, आणि इतकी वर्षं ज्या गोष्टीकडे बघायला वेळ नाही असं म्हणता येत होतं, तसं आता म्हणता येत नाही म्हणून.

निमित्त झालं एका लेखाचं. इथे लंडनमध्ये, एजवेअरला, आमचं मराठी मंडळ आहे. दर हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही लघुपटांची स्पर्धा घेतो. सगळे हौशी — कुणी अकाउंटंट, कुणी डेंटिस्ट, कुणाची मुलं युनिव्हर्सिटीतून वीकेंडला घरी आलेली. कुणाच्या तरी गराजमध्ये शूटिंग, कुणाच्या तरी किचनमध्ये सगळ्यांसाठी पिठलं-भात. मग शाळेचा हॉल घ्यायचा, फिल्म दाखवायच्या आणि बक्षिसं द्यायची. त्यातलं सगळ्यांचं लाडकं बक्षीस सहायक अभिनयाचं. ते मिळवणाऱ्याला कप नाही, झाडाची कुंडी मिळते. या वर्षी कमिटीतली मुलं म्हणाली, "ताई, दिवाळी अंकासाठी या पुरस्काराचा इतिहास तुम्हीच लिहा. सुरू तुम्हीच केलात ना."

मी लिहिला. चांगला लिहिला, असं सगळे म्हणाले. पडद्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसांची कुणीतरी दखल घ्यावी म्हणून हा पुरस्कार सुरू झाला, असं मी लिहिलं. कुंडी का — तर कप कपाटात जातो आणि झाड वाढत राहतं. हेही मीच लिहिलं. वाचून एक-दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

यातलं काहीच खरं नाही.

म्हणजे — नावं खरी आहेत. ज्यांना कुंडी मिळाली ती माणसं खरी, आणि त्यांची आठवण आली की मला अजून बरं वाटतं. आयसीयूतली एक नर्स होती, भुताचं काम केलं होतं तिने, एकही वाक्य नव्हतं, नुसती जिन्यावर बसून राहायची आणि हॉलमधली मुलं आईला चिकटायची. एक आजोबा होते, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मेलेल्या माणसाचं काम करताना त्यांना शिंक आली आणि दिग्दर्शकाने ती तशीच ठेवली. बक्षिसाचं झाड विमानातून कसं न्यायचं म्हणून ते आमच्याकडे ठेवून गेले. जाताना मिलिंदला बजावून गेले, "पाणी बेताने घाला, तिचा स्वभाव जरा नाजूक आहे." किती हसलो होतो आम्ही.

पण पहिली कुंडी? ती मिलिंदला मिळाली. लेखात त्याच्याविषयी दोन ओळी आहेत. त्या दोन ओळी लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मिलिंदला मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, एका एकांकिकेत. मी मेडिकलला होते, मैत्रिणीने ओढून नेलं होतं. तो बँकेत होता, आणि बँक सुटली की तालीम. त्या एकांकिकेत तो पोस्टमन होता की शिपाई, आता आठवत नाही. पण तो स्टेजवर आला की बाकीचे खोटं बोलत आहेत असं वाटायला लागायचं, हे पक्कं आठवतं. लग्न झालं. मला एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली. तो म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो मागून." आणि आला. बँक सोडून, ग्रुप सोडून. त्या थंडीत, त्या लवकर पडणाऱ्या अंधारात त्याने एका दुकानात काउंटर सांभाळला, स्वयंपाक शिकला, मुलीला नर्सरीत नेलं-आणलं. माझ्या परीक्षांच्या वेळी मला वाचून दाखवलं — त्याच्या तोंडून हृदयविकारसुद्धा ऐकावेसे वाटायचे. मग माझ्यासाठी आम्ही लंडनला आलो. तो कौन्सिलच्या लायब्ररीत लागला. लोकांना मी अभिमानाने सांगायचे, मिलिंद कधी तक्रार करत नाही. किती सोयीचं असतं ना, असा नवरा असणं?

मंडळाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा मी सेक्रेटरी होते. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कुणीतरी एक फिल्म केली — तरुण जोडपं घर विकून जात आहे, एवढीच गोष्ट. हिरो निखिल. ॲनेस्थेटिस्ट, देखणा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा मुलगा. मिलिंदला एकच सीन होता. तो शेजारी. कधीतरी उसनी नेलेली शिडी परत करायला येतो. बायको गेलेली आहे त्याची, हे कुणी सांगत नाही, पण कळतं. घर रिकामं, भिंतीवर फोटोंच्या खुणा. तो शिडी घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "ही आता कुठे ठेवू?"

बस, एवढंच. पण तो ते विचारतो आणि शिडी खांद्यावरून उतरवत नाही, तसाच उभा राहतो, जरा हसतो, जणू चूक त्याचीच आहे. हॉलमध्ये मागे मुलांचा गोंधळ चालला होता, तो थांबला. मी कडेला उभी होते. मलाही काहीतरी वाटलं — आणि ते कौतुक नव्हतं. त्याला काय नाव द्यायचं ते पुढे सांगते. सांगायलाच हवं.

परीक्षक म्हणून त्या वर्षी एक इंग्लिश बाई होत्या. वय झालेलं, आयुष्यभर अभिनय शिकवलेला. सबटायटल्स वाचून त्यांनी सगळ्या फिल्म पाहिल्या. त्यांना ट्रेन गाठायची होती, बक्षीस समारंभापर्यंत थांबता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी मला हॉलच्या किचनमध्ये गाठलं. मी चहाचे कप मांडत होते. कोट चढवता चढवता त्या म्हणाल्या, "अभिनयाचं बक्षीस त्या शिडीवाल्याला. दुसरं कुणी जवळपाससुद्धा नाही." तेव्हा अभिनयाचं बक्षीस एकच होतं. मग त्यांनी विचारलं, हा माणूस एरवी काय करतो? मी म्हटलं, लायब्ररीत आहे. तो माझा नवरा आहे, हे मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझ्याकडे या. दर गुरुवारी माझा एक ग्रुप असतो. तिथे नाटकवाले येतात, फिल्मवाले येतात, माणसं शोधत. सांगाल ना?"

मी म्हटलं, नक्की सांगेन.

त्या गेल्या. मी किचनमधून हॉलमध्ये आले. पहिल्या रांगेत निखिलचे आईवडील बसले होते — खास नाशिकहून आलेले, आईने पैठणी नेसलेली. मिलिंद कडेला खुर्च्या सरळ करत होता. मी माईक हातात घेतला आणि म्हटलं, सर्वोत्कृष्ट अभिनय, निखिल. टाळ्या झाल्या. त्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला. आणि टाळ्या थांबायच्या आत मी म्हटलं — हे आधी ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते, ते तिथेच तोंडातून आलं — की परीक्षकांच्या खास आग्रहावरून या वर्षी एक नवं बक्षीस सुरू करतो आहोत, सहायक अभिनेत्याचं. आणि ते जातं मिलिंदला.

द्यायला हातात काही नव्हतं. टेबलावर सजावटीला कुणीतरी आणलेली पीस लिलीची कुंडी होती. तीच उचलून दिली.

ही त्या पुरस्काराची सुरुवात. एवढीच.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. तो कुंडी मांडीवर घेऊन बसला होता, पानं नाकात जात होती, खूष होता. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "त्या बाई काय म्हणाल्या गं? माझ्याबद्दल?"

बघा, तेव्हासुद्धा वेळ होती. निखिलचे आईवडील नव्हते तिथे, मंडळ नव्हतं. गाडीत आम्ही दोघंच.

मी म्हटलं, "म्हणाल्या, छान साथ दिलीत."

"साथ," तो म्हणाला. नाकाशी आलेलं पान बाजूला केलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. तेवढंच जमतं मला."

सिग्नल सुटला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला एक कारण देत आले. सेक्रेटरीने स्वतःच्याच नवऱ्याला बक्षीस दिलं, असं लोक म्हणाले असते. मंडळात तशी माणसं होती, म्हणाली असतीच. शिवाय निखिलचे आईवडील एवढ्या लांबून आलेले. हे कारण पटण्यासारखं आहे, नाही? मलाही पटायचं. पण मग गुरुवारच्या ग्रुपचं काय? तो निरोप दिला असता तर कोण काय म्हणणार होतं? कुणाला कळलंही नसतं. तो मी का दिला नाही? त्या बाईंची नंतर ईमेल आली होती, तुमचे ते शिडीवाले आले नाहीत म्हणून. मी उत्तर दिलं की त्यांना सवड नाही. तो तेव्हा खालच्या खोलीत माझे कपडे इस्त्री करत होता.

तर त्या सीनच्या वेळी मला जे वाटलं होतं — ती भीती होती. आमच्या घरात मुख्य भूमिका माझी होती. माझी नोकरी, माझ्या परीक्षा, माझं प्रमोशन, माझी बदली. तो मागून आला होता, आणि त्याला जमतं तेवढंच तो करतो आहे, असं समजून मी सुखात होते. त्या दिवशी एका परक्या बाईने दोन वाक्यांत सांगितलं की तसं नाही. त्याने पुण्यात जे सोडलं ते काय होतं, हे ती मला सांगत होती. ते त्याला कळलं असतं तर? त्याने माझ्याकडे एकदा नुसतं बघितलं असतं, तरी मला सोसलं नसतं. म्हणून मी त्याला लहान केलं. आणि त्या लहान करण्याचंच बक्षीस केलं. आणि टाळ्याही वाजवल्या.

पुढे काय झालं? वाईट असं काही झालं नाही. तो दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या फिल्ममध्ये कुठेतरी असायचा. वेटर, पोलीस, बसमधला माणूस. मोठं काम कुणी विचारलं की हसून म्हणायचा, "छे, आपण साथीतले." नव्या विजेत्याला कुंडी द्यायचा मान त्याचा. तो फार सुंदर बोलतो त्या वेळी. पुरस्कार मोठा होत गेला. दुसऱ्या एका शहरातल्या मराठी मंडळानेही तो सुरू केला, आमच्याकडून कल्पना घेऊन, आणि मला बोलावून शाल दिली. मी ती घेतली.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, तारा. तिच्या आजोबांपासून ते लोक इथे आहेत, त्यामुळे तिचं मराठी जरा मोडकं. फिल्म शिकली आहे आणि खरोखर चांगलं करते. ती एका रविवारी घरी आली. मिलिंदसमोर बसली आणि म्हणाली, "काका, एक स्टोरी लिहिली आहे मी. एक म्हातारा माणूस आहे, पूर्ण फिल्म त्याच्यावरच आहे. हा भूमिका मी तुमच्यासाठीच लिहिला. प्लीज, तुम्ही लीड करा."

त्याने स्क्रिप्ट हातात घेतलं. चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि वाचता वाचता त्याचे ओठ हलायला लागले. त्याच्या नकळत. मी इतक्या वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. मग त्याने चष्मा काढला, स्क्रिप्ट बंद केलं, तिला परत दिलं. "बाळा, सुंदर लिहिलं आहेस. पण एवढं मला नाही झेपायचं. मी साथीतला माणूस. तसं एका फार मोठ्या जाणकार बाईंनीच सांगितलं होतं."

तारा माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. दोघंही माझ्याकडे बघत होते. मिलिंदही बघत होता — आणि मला वाटलं, तो वाट बघतो आहे.

मी म्हटलं, "त्याला नको वाटत असेल तर कशाला आग्रह?"

ती भूमिका मग दुसऱ्या एका गृहस्थांनी केली. मिलिंद शूटिंगला रोज गेला. सगळ्यांसाठी फ्लास्क भरून चहा न्यायचा, लाइट धरून उभा राहायचा, त्या गृहस्थांची वाक्यं पाठ करून घ्यायचा. या वर्षी ती फिल्म हॉलमध्ये दाखवली. मी आणि तो शेजारी बसलो होतो. फिल्म संपल्यावर तो माझ्याकडे झुकला आणि म्हणाला, "बरं केलंय काम त्यांनी, नाही?"

मी म्हटलं, "हो, छान केलंय."

त्यांना ते जमलं नव्हतं. मिलिंदला जमलं असतं. हे त्या हॉलमध्ये मला माहीत होतं, आणि त्यालाही बहुतेक कळलं होतं. फक्त त्याला वाटलं की आपल्याला तसं वाटणं चूक आहे.