हेडमास्तरांची गश्ती

माणसं श्वास घेतात तो जगण्यासाठी. आमचे हेडमास्तर श्वास घेत तो पुढची गश्ती लिहिण्यापुरता. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. उमरी आणि भोकरच्या मधल्या एका गावात सातवीपर्यंतची शाळा होती, आणि लातूरकडच्या आमच्या कुणबी घराण्यातला पहिला बी.ए. म्हणून मी ताठ मानेनं तिथं मास्तर झालो होतो. गश्ती म्हणजे हुकमाची फिरती वही. हेडमास्तरांनी लिहायचं, शिपायानं वर्गावर्गात फिरवायचं आणि प्रत्येक मास्तरानं वाचून 'मालूम हुआ' असं लिहून सही ठोकायची. बाकीच्या शाळांत महिन्यातून एखादी निघे. आमच्याकडे दुपारच्या सुट्टीआधी दोन होत. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसत असे. तरी रांजणातल्या पाण्याला मातीचा वास येतो म्हणालो, तर ते तोंडानं उत्तर देत नसत. वही ओढून लिहीत, 'रांजण नवा आहे, दोन दिवस धीर धरावा,' आणि शिपाई ती वही उचलून, दोन हात चालून, अदबीनं माझ्यापुढं ठेवी.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध एक रेघ असे. रेघेच्या वर उर्दू, तालीम म्हणजे शिक्षण खात्याच्या डोळ्यांसाठी. खाली मराठी. "वरचं सरकारचं, खालचं आपलं," असं ते शेरवानीचं गळ्याजवळचं बटण चाचपत सांगत. वैशाखातही ते बटण मी कधी उघडं पाहिलं नाही. वर वेळेवर हजर राहण्याची ताकीद असे आणि खाली ड्रिलमास्तरांच्या कवायतीची तारीफ. तारीफ आळीपाळीनं सगळ्यांची व्हायची, कुणी सुटत नसे. माझ्या पाळीला त्यांना काही सापडलं नसावं. लिहिलं होतं, 'बी.ए. साहेब फळा फार स्वच्छ पुसतात.' आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

मग त्या वर्षी दिवाळी सरली आणि गावात उंदीर पडायला लागले. प्लेग म्हणताच गाव रिकामं झालं. लोक रानात कडब्याच्या झोपड्या घालून राहिले. शाळा पुढचा हुकूम होईतो बंद झाली, आम्ही सात मास्तर चार दिशांना रानात पांगलो आणि शिपाई हिमायतनगरला सासुरवाडी गाठून बसला. त्यातच खात्याचं पत्र आलं: शाळा उघडेल त्या दिवशी सातही मास्तर हजर नसले, तर वरचे तीन वर्ग तोडून दुसऱ्या गावाला देण्यात येतील. म्हणजे आमच्या भागातल्या पोरांनी चौथी झाली की औत धरायचं. हे पत्र हेडमास्तरांनी जसंच्या तसं गश्तीत उतरवलं आणि स्वतःच वही घेऊन रानोमाळ निघाले. ड्रिलमास्तर वैतागले, "असली खबर गिळून टाकायची असती, साहेब!" ते म्हणाले, "वाईट खबर आधी माझ्याकडून कळू द्या. बाजारातून आली की तिला शिंगं फुटतात."

त्या फेरीचा त्यांनी कायदाच करून टाकला होता. झोपडीसमोरच्या दगडावर वही ठेवायची, दहा पावलं मागं सरायचं, मास्तरानं येऊन वाचायचं, सही करायची, मागं जायचं. मग ते पुढं येऊन पान उन्हाला धरत, पापड वाळवावा तसं, आणि त्यात लिंबाचा पाला घालून वही मिटत. रेघेखाली काय नसायचं? 'मौलवीसाहेबांचा ताप साधा निघाला. त्यांच्याकडे कुणी रडक्या तोंडानं पाहू नये.' 'ड्रिलमास्तरांना कन्या झाली. ती वडिलांपेक्षा मोठ्यानं ओरडते.' 'गणिताच्या मास्तरांच्या झोपडीत रात्री कुत्रं शिरून भाकरी घेऊन गेलं. ज्यांच्याकडे झाकणाचं भांडं जास्तीचं असेल त्यांनी कळवावं.' दिवसभर दुसरं काम नसायचं, म्हणून आम्ही त्या वहीचीच वाट बघत बसायचो.

अशात वडलांचा निरोप आला: नोकरी गेली चुलीत, जीव घेऊन ये. मी ट्रंक बांधली. दुपारची गाडी धरायची होती, तेवढ्यात हेडमास्तर आले.

"साहेब, आज मी सही करत नाही. मी निघालो."

"सही नका करू. ऐकून तर जा," म्हणत त्यांनी दहा पावलांवरून वाचायला सुरुवात केली. शेवटची ओळ होती, 'बी.ए. साहेबांच्या वडिलांची काळजी रास्त आहे. ते गेले तर कुणी त्यांना नावं ठेवू नयेत.' वही मिटून ते वळले. तेव्हा मला दिसलं, शेरवानीची बटणं एकेक घर चुकवून लावलेली होती.

स्टेशनच्या वाटेवर ड्रिलमास्तर बांधावर डोकं धरून बसले होते. म्हणाले, "साहेबाच्या बाईला गाठ आली. चार दिस झाले. शेजारच्या झोपडीवाल्यानं सांगितलं." माझ्या डोक्यावर ट्रंक होती, ती तशीच घेऊन मी त्यांच्या मागं गेलो. दहा पावलांचा कायदा त्यांनी मोडला आणि थेट झोपडीच्या तोंडाशी उभं राहून ओरडले, "काय हो साहेब! आमची पोर शिंकली तरी गश्तीत, अन् बाई आजारी पडल्या ते न्हाई? आम्ही कोण तुमचे?"

हेडमास्तर बाईंच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. वर न बघता म्हणाले, "वर लिहायला उर्दू सुचेना. खाली लिहायला हात होईना."

त्या दिवसापासून आम्ही पाळ्या लावल्या. गणिताच्या मास्तरांनी त्यांचं वेळापत्रक केलं, मौलवीसाहेब काढा उकळून आणत, मी विहिरीचं पाणी भरी. ड्रिलमास्तर बाहेर बसून हेडमास्तरांना जेवायचा हुकूम सोडत. माझी ट्रंक हेडमास्तरांच्याच झोपडीच्या कुडाला टेकून राहिली. नवव्या दिवशी गाठ फुटली आणि बाई वाचल्या. पुढं शाळा उघडली तेव्हा खात्याचे साहेब आगगाडीनं आले, सात नावं पुकारली, सात वेळा 'हाजिर' ऐकलं आणि चहा न घेता परत गेले. तिन्ही वर्ग राहिले. आता तिथं मॅट्रिकपर्यंत शाळा आहे.

राज्य गेलं, उर्दू गेली. गश्तीचं परिपत्रक झालं. ते टाईप होऊन येतं आणि खिळ्याला टांगलं जातं. हेडमास्तर पेन्शन घेऊन देगलूरकडं गावी गेले. मीही हेडमास्तर होऊन नांदेडला आलो. परवा बाजारात ड्रिलमास्तर भेटले. पोरीच्या पोरीचं कौतुक सांगता सांगता सहज म्हणाले, "आखाडात आपले साहेब वारले, तवा तुम्ही देगलूरला गेला व्हता का?"

आखाड होऊन चार महिने झाले होते. मी म्हणालो, "मला कुणी कळवलंच नाही."

"मला बी न्हाई. एक देगलूरचा सोयरा बोलला, महिन्याखाली. मला वाटलं, तुम्हाला ठाव असंल."

मग ड्रिलमास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मौलवीसाहेब हितंच इतवाऱ्यात राहत्यात," ते म्हणाले. "त्यायला सांगाया पायजे." आणि आम्ही भर उन्हात चालायला लागलो.