आत्याचा फोन स्पीकरवर

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात मीरा रोडच्या एका दोन खोल्यांच्या घरातून मी मोबाइलच्या लहरींविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. सेनापती मी. सैन्यही मीच.

त्याचं असं झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये एक डॉक्टर आले आणि म्हणाले, "घाबरू नका, मोबाइलनं अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी काळजी वाटत असेल तर फोन कानापासून लांब धरा. आणि रेंज कमी असेल तिथे बोलणं टाळा, तिथे फोनला जास्त जोर लावावा लागतो."

यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलंच नाही.

आमच्याकडे पूर्ण रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेव्हा हुकूम सुटला: फोन तिथेच घ्यायचा, स्पीकरवर, हात लांब करून. म्हणजे जवळजवळ समोरच्या खिडकीतल्या भाभींच्या शेगडीवरच.

बायकोनं हुकूम ऐकला आणि भाजी निवडायला बसली. तावडीत सापडली माझी आत्या. निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेली, आमच्याकडेच राहणारी. बागेत ओळख झालेल्या, जवळच्याच हाटकेश भागातल्या एका विधुर काकांचा तिला रोज संध्याकाळी फोन यायचा. त्याआधी ती केस विंचरायची, हे बायकोच्या लक्षात आलं होतं. माझ्या कुठलं यायला!

"मी आतल्या खोलीत बोलते रे."

"तिथे एकच दांडी येते! जिवाशी खेळू नकोस, आत्या."

"मग इअरफोन दे."

"ते चिरंजीव क्लासला घेऊन गेलेत."

आठवडाभरात अख्ख्या विंगला काकांची शुगर पाठ झाली.

आणि एका संध्याकाळी काका अडखळले. "मी काय म्हणतोय... रविवारी आपल्या इथल्या डोंगरीला येता का? तिकडे समुद्र बघू. आणि... पुढचं आयुष्य एकत्र काढायचं का, तेही बोलू."

आत्या लालेलाल. ती माझ्याकडे बघेना आणि मी मिसळणाच्या डब्यावरून नजर हलवेना. वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला. खाली कोणीतरी धुणं आपटायचं थांबलं.

"हॅलो? आवाज येतोय ना?" काकांनी विचारलं. "राग आला का हो?"

आत्या मोकळ्या हातानं विंचरलेले केसच पुन्हा सारखे करत राहिली. इतकी वर्षं वर्ग गाजवलेली बाई!

शेवटी समोरच्या खिडकीतून पळी उगारून भाभी ओरडल्या,

"आत्या, हाँ बोल दो ना, मेरी दाल जल रही है!"