दोन शून्यं गाळून

आमचा धाकटा माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, दातांवरून ओळखतो. रस्त्यात कुणी थांबून हसून बोललं, तर हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो, आणि माणूस पुढे गेला की मला म्हणतो, "ताई, ती वरची डावी दाढ माझ्या हातची." माणूस कोण होता, ते मात्र त्याला शेवटपर्यंत आठवत नाही. एकतीस वर्षं तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा बनवतोय. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, मेणाचा दात कोरतो, भट्टीत धातू वितळवतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवया पिठात बुडवल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असतात. पगार बेताचा, बोलणं त्याहून बेताचं.

अशा माणसाला एकच नाद आहे, रेल्वेच्या इंजिनांचा. खरी नव्हेत, वीतभर लांबीची, हुबेहूब नकला. चाकांचे दांडे हलतात, डब्यात कोळसा दिसतो, दार उघडलं तर आत ड्रायव्हरची सीट असते. पुढच्या खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात अशी अकरा उभी आहेत. एकाचं धुराडं वाटेत मोडलं, तेव्हा या पठ्ठ्याने दाताच्या कॅपा ओततात तसं ते लॅबच्या भट्टीत ओतून बसवलं. कुठलं अस्सल आणि कुठलं त्याच्या हातचं, मला आजही सांगता येत नाही.

आता किमतीचं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण म्हणणाऱ्याने बहुतेक हौस केलेली नसते. ही इंजिनं पितळेची, हाताने केलेली असतात आणि महिना-दोन महिन्यांचा पगार एकेकात जातो. धाकटा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या लॅबचं काम करायचा, ते सगळं यात. बायकोला खरा आकडा सांगायची हिंमत नव्हती. धडधडीत खोटं बोलायचं तर ते लक्षात कोण ठेवणार? म्हणून त्याने एक सोपा नियम करून ठेवला, दोन शून्यं गाळायची. अडतीस हजारांचं इंजिन तीनशे ऐंशीचं. बावन्न हजारांचं पाचशे वीसचं. "मोडकं होतं गं, स्वस्तात दिलं," असं म्हणून तो कपाटात ठेवायचा, आणि माझी भावजय म्हणायची, "बरं झालं बाई, घरात काहीतरी शोभेचं आलं."

हे सगळं मला माहीत होतं, कारण पार्सलं माझ्या पत्त्यावर यायची. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्याच इमारतीत तळमजल्यावर, एकटी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. लोकांची बोलणी कानावर पडणार आणि ती तिथेच विसरायची, ही मला सवयच आहे. पार्सल आलं की मी सही करायची, धाकट्याने लॅबमधून थेट माझ्याकडे यायचं, माझ्या टेबलावर ते उघडायचं, बिल मी फाडायचं, खोका मी टाकायचा आणि इंजिन त्याच्या डब्याच्या पिशवीतून वर जायचं. अळीमिळी गुपचिळी. बारा वर्षं बिनबोभाट चाललं.

भावजयीचा गुडघा मात्र या बारा वर्षांत पार कामातून गेला. ती घरी कपडे अल्टर करते. उजवा गुडघा वाकत नाही म्हणून मशीन डाव्या पायाने चालवते आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरताना कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवत उतरते. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, सांधा बदला. खर्च दोन लाख दहा हजार. धाकटा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "बघू." दोघंही शब्दाला जागले, पुढच्या वर्षीही त्यांनी नुसतं बघितलंच.

तर एका गुरुवारी धाकटा भुवयांसकट पांढराफटक होऊन माझ्या दारात उभा राहिला.

"ताई, मेलो."

"आधी आत ये आणि मग मर. काय झालं?"

"तिचा मावसभाऊ येतोय. रविवारी चार वाजता. तो सर्व्हेअर."

हा मावसभाऊ विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. कुठे आग लागली, कुठे गोदामात पाणी शिरलं, की हा जाऊन जळक्या वस्तूंची किंमत लावणार. आयुष्यभर तेच केलेलं. निवृत्त झाला तरी डोळ्यांची सवय जाते थोडीच!

"इंजिनं दोन दिवस माझ्याकडे आणून ठेव," मी म्हटलं.

"कशी आणू? तिने त्याला फोनवर सांगून ठेवलंय, 'दादा, ह्यांचा संग्रह बघच.' सकाळपासून काच पुसतेय."

"मग कपाट उघडू नकोस. किल्ली हरवली म्हण."

"किल्ली तिच्याच जुडग्यात असते."

शेवटी ठरलं ते एवढंच की मी कपाटासमोरच्या खुर्चीत ठाण मांडायचं आणि किमतीचा विषय निघाला की तो दुसरीकडे वळवायचा. तेही जमलं नाही, तर हातातली बशी सोडायची. धाकट्याने मला दोनदा विचारलं, "सोडशील ना नक्की?" पन्नास ओलांडलेला माणूस, पण घाबरला की आठ वर्षांचा होतो. ते तीन दिवस मलाही झोप नीट लागली नाही. पकडले गेलो तर ती काय म्हणेल, यापेक्षा ती काहीच म्हणाली नाही तर काय, याची मला जास्त धास्ती होती.

रविवारी चारच्या ठोक्याला पाहुणे आले. मावसभाऊ उंच, वाकलेला, समोरच्या दोन दातांवर कॅपा. धाकट्याने पहिल्याच नजरेत नाक मुरडलं आणि माझ्या कानात म्हणाला, "रंग चुकवलाय." पाहुण्याची बायको मऊ बोलणारी, सतत रुमाल घडी करणारी.

मावसभावाने बसल्या बसल्या कामाला सुरुवात केली.

"पडदे नवीन दिसतात. मीटरला दोनशे वीस?"

"अय्या दादा, बरोबर!" भावजय हरखली.

"आणि घड्याळ... नऊशे. नऊशे पन्नास असेल तर महाग पडलं."

"नऊशेच!"

पंख्याची किंमत त्याने सांगितली, टेबलाचीही सांगितली. एकही आकडा चुकला नाही. भावजय लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती आणि इकडे आम्हा बहीणभावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धाकटा कपाटाकडे पाठ करून कवळी कशी बनते ते सांगू लागला. जन्मात एवढं बोलला नसेल. मी पाहुणीला तिच्या तब्येतीचं विचारलं, तिने ती सविस्तर सांगितली, मला एक अक्षर कळलं नाही.

"दादा, हे सगळं राहू दे, तू कपाट बघ," भावजय म्हणाली, आणि टेबलाला रेटा देऊन उठली. किल्ली लावली. "वन्सं, जरा खुर्ची सरकवता?"

सरकवली. काय करणार?

मावसभावाने चष्मा पुसला. सगळ्यात नवं, काळंभोर इंजिन दोन बोटांत उचललं आणि तळहातावर ठेवून जोखलं. माझ्या हातात बशी तयार होती. खोलीत फक्त ते नऊशेचं घड्याळ वाजत होतं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "पत्र्याचं ना? आत वजन भरलेलं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"चारशे दहाला मिळालं ह्यांना," भावजय अभिमानाने म्हणाली. "लोकांच्या नवऱ्यांना काय काय नाद असतात, दादा! ह्यांचा आपला साधा, स्वस्तातला."

"चारशे दहा?" मावसभाऊ हसला. "भावोजी, फसवलं हो तुम्हाला! खेळण्यांच्या दुकानात दीडशेला मिळतं, वर चावी दिली की पळतंसुद्धा."

सुटलो! मला मोठ्याने हसावंसं वाटलं. जळक्या गिरण्या आणि बुडालेल्या मोटारी बघितलेला माणूस, त्याला या वस्तूंतलं काडीचंही कळत नव्हतं. मी बशी खाली ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची तर जवळजवळ चार लाखांची होती आणि झाकलेलीच राहणार होती.

मग मी धाकट्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी कुणी त्याच्या चित्राला हसलं की व्हायचे तसे.

मावसभावाने इंजिनावर टिचकी मारली. "आणि रंगही जरा कच्चाच. कुणा लहान पोराला द्या, दोन दिवसांत मोडेल, जागा मोकळी होईल."

गप्प बस, मी मनात म्हटलं. गप्प बस, बाळा, दात आवळून धर, आता जातीलच हे.

"पत्रा नाही तो," धाकटा म्हणाला. "पितळ आहे. हाताने केलंय. एकट्या माणसाला चार महिने लागतात." आणि श्वास घेऊन म्हणाला, "एक्केचाळीस हजार."

मावसभावाने इंजिन दुसऱ्या हाताने खालून धरलं. "काय सांगता!"

"वजन बघा ना. आतले नटसुद्धा खरे आहेत."

"आणि हे?"

"अडतीस."

"हे हिरवं?"

"बावन्न. तसं आता मिळतच नाही. आणि हे धुराडं दिसतंय? हे मी ओतलंय. ओळखा, ओळखून दाखवा!"

सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. मी त्याला इतकं आनंदात कधीच बघितलं नव्हतं. बारा वर्षं हा माणूस आपला सगळा अभिमान दोन शून्यांखाली दाबून बसला होता. आता एकेक इंजिन काढून दाखवत होता, एकेक खरी किंमत सांगत होता, आणि मागे बायको उभी आहे हेच विसरला होता. मी हाक मारली, "अरे..." त्याने ऐकलं नाही. बशी सोडायची तर आता उशीर झाला होता.

अकरावं इंजिन झालं. मावसभावाचे ओठ हलत होते. बिचारा वाईट माणूस नव्हता, पण सवय ती सवय.

"तीन लाख सत्तर हजारांच्या घरात जातं हे सगळं," तो म्हणाला. "भावोजी, माझं ऐका, आधी विमा उतरवा."

तेव्हा कुठे धाकटा वळला.

भावजय खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. सगळ्या इंजिनांच्या खोट्या किमती तिला पाठ होत्या. ती हलकेच पुटपुटली, "तीनशे ऐंशी... पाचशे वीस... चारशे दहा." मग म्हणाली, "दोन शून्यं." एवढंच. नियम समजायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. ती पाहुण्यांकडे वळली आणि म्हणाली, "दादा, केक घे ना. वहिनी, तुम्हीपण." तिने स्वतः कापून दिला, सगळे तुकडे अगदी सारखे. पाहुणीने घडी घातलेला रुमाल पुन्हा उलगडला. पंधरा मिनिटांत ते उठले. मावसभाऊ दारात धाकट्याला म्हणाला, "भावोजी, मी काही चुकीचं बोललो का?" धाकटा त्याच्या त्या दोन कॅपांकडेच बघत राहिला.

दार लागलं. धाकटा कपाटाजवळच उभा राहिला, एक इंजिन अजून हातात. "अगं, मी..." म्हणाला. "मी उद्याच विकतो. सगळी विकतो. गुडघा करून घेऊ."

"विका," ती म्हणाली. रागाने नाही, कपडा किती आखूड करायचा ते गिऱ्हाईकाला विचारून घेतल्यावर 'ठीक आहे' म्हणते, तशी. मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"वन्सं, मी दिवसभर घरात असते. बारा वर्षांत दारावर एकही पार्सल आलं नाही."

मी टेबलावरची बशी उगाच सरळ केली.

"तुमच्याकडे यायची?"

"हो," मी म्हटलं.

"मागच्या थंडीत मी खाली आले होते तुमच्याकडे. गुडघा सहन होईना म्हणून. विचारलं होतं, ह्यांच्याशी बोलू का, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच सांगा. आठवतं?"

आठवत होतं. तिला तीन मजले उतरायला दहा मिनिटं लागली होती. मी तिला चहा दिला होता आणि म्हटलं होतं, त्याची फार ओढाताण चाललीय गं, जरा धीर धर. त्याच आठवड्यात ते हिरवं इंजिन आलं होतं. ती चहा पीत होती तेव्हा ते तिच्या खुर्चीमागे, माझ्या कपाटात पडलं होतं, न उघडलेलं.

"ह्यांचं मी समजू शकते," ती म्हणाली. "ह्यांना नाद आहे. तुम्हाला कसला नाद होता, वन्सं?"

उत्तर होतं माझ्यापाशी. पार्सल आलं की धाकटा खाली यायचा, माझ्या टेबलाशी तासभर बसायचा, मला एकेक चाक समजावून सांगायचा. एरवी तो जिन्यावरून "ताई, बरी आहेस ना?" म्हणून वर जायचा. पार्सल यायचं म्हणून माझा भाऊ माझ्या घरी यायचा. साठी उलटलेल्या बाईने हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नजर चुकवून कपबशा गोळा करायला लागले.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी करते."

ती उठायला लागली. गुडघा अडकला, ती अर्ध्यातच थांबली. मी हात पुढे केला. तिने तो बघितला, आणि टेबलाची कड धरून उठली.